देऊळ, भजन आणि मनाचा आजार: बडोद्यातल्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा भजन संपल्यावर, प्रसाद वाटताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून विचारले जातात. उत्तरं लिहिणारे आम्ही दांडिया बझार भागातल्या एका लहानशा दत्तमंडळातले लोक आहोत, डॉक्टर नाही. औषधांबद्दल इथे जे लिहिलं आहे ते डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं म्हणून. शेवटचा शब्द त्यांचाच.

उपचार डॉक्टर करणार. मग मंडळाचं काम काय?

मनाचा आजार मधुमेहासारखाच, असं हल्ली सगळीकडे सांगतात. गोळ्यांपुरतं ते खरं आहे. पण मधुमेह झालेल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबत नाही. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा आजार, झालेल्या बाईला थांबतं. आधी तिला, मग तिच्या जावेला, मग सगळ्या घरालाच. हे नुकसान कुठल्याही ओपीडीत भरून निघत नाही, आणि ते करणारेही आपणच असतो. म्हणून ते भरून काढणं मंडळाचं काम, असं आम्ही धरून चालतो.

दुसरं कारण आकड्यांचं. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दहापैकी साधारण एका प्रौढ व्यक्तीला त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि त्यातले बहुतेक जण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. गुजरात त्या पाहणीतल्या बारा राज्यांपैकी एक होतं. म्हणजे आपल्या दत्तजयंतीच्या पंगतीतही अशी घरं आहेतच. ती डॉक्टरकडे जाण्याआधी गुरुजींकडे, कीर्तनकाराकडे किंवा भजनातल्या एखाद्या वडीलधाऱ्या काकूंकडे येतात. तिथे त्यांना काय ऐकायला मिळतं, यावर पुढची एक-दोन वर्षं ठरतात.

घरचे म्हणतात "बाहेरचं आहे". भुव्याकडे (भूत उतरवणाऱ्या मांत्रिकाकडे) न्यावं की डॉक्टरकडे?

डॉक्टरकडे, आणि लवकर. घरच्यांशी "बाहेरचं असतं की नसतं" यावर वाद घालत बसू नका. त्या वादात कुणी जिंकत नाही आणि महिने जातात. कानात आवाज येणं, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटणं, अशी लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका वेळ जातो, तितकं बरं होणं अवघड होत जातं. तेव्हा घरच्यांना एवढंच सांगा: अंगारा लावा, नारळ ठेवा, पण या आठवड्यात डॉक्टरांनाही दाखवा. आमच्या पाहण्यात या वाक्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, कारण त्यात त्यांच्या श्रद्धेला धक्का नाही.

तीन प्रसंगी मात्र आठवडाही थांबू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाई झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र काही म्हणू लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. याला "सटवीचा फेरा" म्हणत घरी ठेवणं आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. म्हातारं माणूस कालपर्यंत नीट होतं आणि आज अचानक भ्रमात गेलं, तर बहुधा संसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असतो. आणि ताप, झटके किंवा डोक्याला मार यांच्यासोबत वागणं बदललं, तर प्रश्न मानसोपचाराच्या आधी इमर्जन्सी विभागाचा आहे.

आमच्या मावशींच्या अंगात येतं. तोही आजारच का?

दरवेळी नाही. नवरात्रात, देवीसमोर, आरतीच्या वेळी येतं, थोड्या वेळाने उतरतं, नंतर मावशी उठून सगळ्यांना चहा देतात, घर चालवतात आणि त्यांना त्याचा त्रास नाही: याला आजार म्हणायची घाई डॉक्टरही करत नाहीत. ते अवेळी, कुठेही यायला लागलं, त्यानंतर दिवसच्या दिवस त्या थकून पडू लागल्या, घाबरू लागल्या, त्यांना स्वतःलाच ते नकोसं झालं, तर दाखवायला हवं. कधी कधी घरात न बोलता येणारं दुःख असं बाहेर पडतं. अशा वेळी अंगातल्या देवीला प्रश्न विचारण्यापेक्षा मावशींना विचारलेलं बरं, तेही एकटीला गाठून.

गाणगापूरला किंवा मीरा दातारला नेलं तर चालेल?

दर्शनाला जरूर न्या. गोळ्या पिशवीत ठेवा, त्यांची वेळ चुकवू नका आणि माणसाला तिथे एकटं सोडून येऊ नका.

मीरा दातारचं नाव निघालंच आहे म्हणून जरा सविस्तर. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा गावच्या या दर्ग्यावर सगळ्या धर्मांचे लोक "बाधा" घेऊन येतात, त्यात बडोद्याची मराठी कुटुंबंही असतात. २००८ च्या सुमारास तिथे "दवा आणि दुआ" नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवकांना, आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं, आणि मानसोपचारतज्ज्ञ तिथेच येऊन बसू लागले. मुजावर दुआ देतो आणि मग सांगतो, आता तिकडे डॉक्टरांना भेट. घरच्यांचं ऐकणार नाही असा माणूस मुजावराचं ऐकतो. आमच्या मते आपल्या गुरुजींनी, आश्रमांनी आणि मठांनी डोळ्यांपुढे ठेवावं ते हेच: कुणाचीही श्रद्धा मोडली नाही, आणि गोळीही सुरू झाली.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे तमिळनाडूतलं एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ ला तिथल्या एका खाजगी आश्रयस्थानात पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. त्यांना पळताच आलं नाही. त्यांनाही घरच्यांनी बरं व्हावं म्हणूनच तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याला आणलं होतं.

बांधून ठेवणं, मारणं, धुरी देणं याबद्दल कायदा काय म्हणतो?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. कुठल्याही प्रकारे साखळीने बांधण्याला त्यात स्पष्ट मनाई आहे. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरात विधानसभेने अघोरी प्रथा आणि काळ्या जादूविरुद्ध कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, चटके देणं यांना त्यात सहा महिने ते सात वर्षांपर्यंतची कैद आहे. मंडळाच्या ओळखीतला कुणी असं करत असेल तर "आपला माणूस" म्हणून गप्प राहू नका.

एक गंमत जाता जाता: २०१७ च्याच कायद्यात असंही आहे की समाजातल्या प्रचलित धार्मिक समजुती न मानणं हे मानसिक आजाराचं लक्षण ठरत नाही. तेव्हा मुलगा आरतीला उभा राहत नाही एवढ्यावरून त्याला डॉक्टरकडे आणू नये.

ठीक. मग मंडळाने नेमकं काय करायचं?

मोठं काही नाही. कुणाचं पित्ताशयाचं ऑपरेशन असलं की आपल्याकडे चार घरांतून डबे जातात. कुणी मानसिक विभागात भरती झालं की एकही जात नाही, कारण सगळ्यांनी "माहीत नसल्यासारखं" वागायचं ठरवलेलं असतं. पहिलं काम म्हणजे तो डबा. घरच्यांना विचारून, गाजावाजा न करता.

दुसरं, ओपीडीची सोबत. सरकारी हॉस्पिटलात नंबर लावणं, केसपेपर, औषधाच्या खिडकीवरची रांग यात अर्धा दिवस जातो. दर महिन्याला भावाने रजा काढायची तर एक दिवस नोकरीच जाते. मंडळातल्या निवृत्त लोकांनी आळीपाळीने हे घेतलं तर औषध चुकण्याचं मोठं कारणच दूर होतं. सोबत जाणाऱ्याने फाइल धरायची, पण डॉक्टरांसमोर उत्तरं आजारी माणसाला देऊ द्यायची. "तो असंच करतो" हे वाक्य बाहेर ठेवून आत जा.

तिसरं, काम आणि जागा. बरा होत आलेला माणूस भजनाला आला की त्याला कोपऱ्यात बसवून सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने बघत राहणं ही शिक्षाच आहे. त्याला टाळ द्या, हार गुंफायला द्या, गुरुवारच्या फुलांचा हिशोब द्या. काम खरं असू द्या, आणि चुकलं तर इतरांना सांगता तसंच सांगा. गोळ्यांमुळे हात थरथरत असतील तर आरतीचं तबक देऊ नका, झांज द्या. मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जाता यावं, म्हणून जागा दाराजवळ. गणपतीत ढोल आणि डीजेच्या वेळी बोलावण्यापेक्षा दुपारच्या शांत वेळी दर्शनाला बोलवा. आवाजाचा भडिमार अनेकांना खरोखरच सोसत नाही.

चौथं, घरच्या माणसाला दोन तास. आईला बँकेत जायचं असतं, कुणाच्या लग्नाला जायचं असतं, कधी नुसतं झोपायचं असतं. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कारण कुणीच सांगत नाही. "शनिवारी चार ते सहा मी येऊन बसते, तुम्ही जाऊन या" असं म्हणा.

पैशांची मदत केलीत तर रिक्षाभाडं आणि औषधांपुरती, थेट आणि गुपचूप. माईकवरून नाव घेऊन केलेली मदत परत मागितली जात नाही, पण ते कुटुंबही परत येत नाही.

औषधं चालू असताना उपास, व्रत, जागरण करता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि धोका इथेच जास्त आहे.

लिथियमपासून सुरुवात करू. बायपोलर आजारात, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या आजारात, हे औषध दिलं जातं. ते उपयोगी आहे, पण रक्तातली त्याची पातळी ठराविक पट्ट्यातच राहावी लागते, म्हणून वेळोवेळी रक्ततपासणी करतात. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की ही पातळी चढते. म्हणजे निर्जळी एकादशी धोक्याची, आणि अळणी व्रतही तितकंच. आपल्या बडोद्यात शेजारच्या मुलींबरोबर मराठी मुलीसुद्धा आषाढात गौरीव्रत आणि जयापार्वती करतात: पाच दिवस बिनमिठाचं जेवण, आणि जयापार्वतीच्या शेवटी रात्रभर जागरण. लिथियम घेणाऱ्या मुलीसाठी यातलं बिनमिठाचं जेवणही वाईट आणि जागरणही. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं असं दिसलं तर उपास सोडून लगेच हॉस्पिटल गाठा. अंगदुखीवर घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही ही पातळी वाढते. पदयात्रेहून आल्यावर त्या सहज घेतल्या जातात.

जागरणाचं म्हणाल तर बायपोलर आजारात झोप मोडणं हे उन्मादाचा झटका यायचं एक नेहमीचं कारण आहे. नवरात्रात आपलं शहर झोपतच नाही. नऊही रात्री गरबा, घरी यायला दोन, आणि सकाळी परत ऑफिस. ज्याला हा आजार आहे त्याने गरबा खेळूच नये असं नाही. एखाद-दुसरी रात्र, तीही घड्याळ बघून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो "मला झोपेची गरजच नाही, डोक्यात काय काय कल्पना येतायत" म्हणू लागला, भराभरा बोलू लागला, पैसे उधळू लागला, तर तो देवीचा उत्साह नव्हे. डॉक्टरांना फोन करा.

स्किझोफ्रेनियावरच्या काही गोळ्यांनी शरीराला उष्णता सोसणं कठीण होतं, आणि त्यांच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घामही कमी होतो. फाल्गुन पौर्णिमेची डाकोरची पदयात्रा किंवा भर उन्हात पावागडच्या पायऱ्या चढायच्या आधी हे विचारून घ्या. लुरासिडोनसारखी काही औषधं पोटभर जेवणाबरोबरच नीट शोषली जातात, नुसत्या राजगिऱ्याच्या लाडवावर भागत नाही. आणि महाशिवरात्रीची भांग: ज्याला कधी भास झाले आहेत किंवा ज्याच्या घरात हा आजार आहे, त्याला ती प्रसाद म्हणूनही देऊ नका. आग्रह तर मुळीच नको.

पर्याय गुरुजींनी सुचवावा. आजारी माणसाला उपासातून सूट आहे हे घरातली आजीही सांगते, पण गुरुजींनी सांगितलं की व्रत मोडल्याची टोचणी राहत नाही. मीठ-पाणी घेऊन एका वेळेचा नेम, किंवा उपासाऐवजी एक माळ जप.

नामस्मरणाने बरं वाटतंय. गोळ्या बंद केल्या तर?

नका. बरं वाटतंय ते बहुतेक वेळा दोन्ही चालू आहेत म्हणूनच. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवतात. एकदम बंद केल्यास आजार उलटतो. झोपेच्या किंवा भीतीच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तर झटकेही येऊ शकतात. डोस कमी करायचा तो डॉक्टर पायरी-पायरीने करतात. "आता देवावर सोड आणि गोळ्या टाकून दे" असं म्हणणाऱ्याला, तो कितीही मोठा साधक असो, मंडळात थांबवायला हवं, तेही सगळ्यांसमोर, कारण ते वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

तो म्हणतो, "दत्तमहाराज माझ्याशी बोलतात." मी काय बोलू?

हो म्हणू नका आणि खोडूनही काढू नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय म्हणजे तू दमत असशील" इतकं पुरेसं आहे. आवाज काय सांगतात ते मात्र शांतपणे विचारा. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, जेवू नको म्हणत असतील, तर हा विषय त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत जायला हवा. अशा माणसाभोवती "याला साक्षात्कार झालाय" म्हणून गर्दी जमते, ती मंडळानेच पांगवायची.

कुणी "आता जगण्यात अर्थ नाही" म्हणालं तर?

सरळ विचारा: "मरून जावंसं वाटतं का? काही ठरवलंय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आत्महत्या पाप आहे, पुढचा जन्म बिघडेल, हे त्या क्षणी सांगू नका. ऐकणारा आधीच स्वतःला पापी समजत असतो. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्यांचा साठा दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि भाषा निवडता येते. जीव धोक्यात असेल तर १०८. पोलिसकेस होईल या भीतीने काही लोक हॉस्पिटलात नेत नाहीत. २०१७ च्या कायद्याप्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं. तिला शिक्षा करण्यापेक्षा उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

सामूहिक प्रार्थनेत आजारी माणसाचं नाव घ्यावं का?

त्याला विचारून. नुसतं आईला विचारून नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नावच नको: "अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, डिप्रेशन आहे" हा निरोप संध्याकाळपर्यंत पुण्याच्या आत्याकडे पोचलेला असतो. मंडळात दोघांनाच माहीत असावं, आणि कोणत्या दोघांना ते आजारी माणसाने ठरवावं.

लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल, असं सगळे सांगतात.

येत नाही. लग्न हा औषधोपचार नाही, आणि समोरच्या मुलीचा किंवा मुलाचाही विचार करा. आजार असलेल्यांनी लग्न करू नये असं आमचं म्हणणं नाही. औषधं घेत सुखाने संसार करणारी जोडपी आमच्या ओळखीत आहेत. पण सांगून करा. लपवून केलेल्या लग्नात पहिली गोष्ट होते ती म्हणजे गोळ्या लपवून ठेवणं, मग त्या चुकतात, आणि आजार उलटतो. फसवणुकीच्या कारणावरून विवाह रद्द करण्याचा दावाही होऊ शकतो. व्हॅल्प्रोएटसारखं (हेही बायपोलर आजारात देतात) औषध चालू असलेल्या मुलीने मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोलणं अत्यावश्यक आहे, कारण गर्भावर त्याचा वाईट परिणाम होतो. मध्यस्थी करणाऱ्या काकूंनी एवढं पाळावं: माहीत असलेलं दडवून स्थळ सुचवायचं नाही.

बडोद्यात दाखवायचं कुठे?

सयाजी हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, आणि कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य हॉस्पिटल आहे. या दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव काढलं की जुनी माणसं अजून आवाज खाली आणतात. ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. बहुतेक लोक दाखवून, औषध घेऊन घरी येतात. खाजगी डॉक्टरही बरेच आहेत. औषध महाग पडत असेल तर जनऔषधी केंद्रात तीच जेनेरिक गोळी आहे का ते पाहा. आजार दीर्घकाळचा असेल तर दिव्यांगता प्रमाणपत्राबद्दल विचारा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही त्यात धरला आहे.

कीर्तनकारांना काही सांगायचं आहे का?

पूर्वकर्माचे भोग म्हणून मनोरुग्णाचा दाखला देऊ नका. समोर त्याची आई बसलेली असते.

आम्ही सगळं केलं, तरी तो यायचा बंद झाला. आता?

आधी बघा की औषधं बंद झाली आहेत का, झोप लागते का. ते ठीक असेल तर कदाचित त्याला भजन नकोसं झालं असेल, आणि तसं होऊ शकतं. देवावरचा राग, आवाजांमध्ये देवाचंच नाव येणं, गोळ्यांची सुस्ती, काहीही असेल. बोलावणी पाठवून पिच्छा पुरवू नका. ज्याच्याशी त्याचं जमतं अशा एकाने महिन्यातून एकदा घरी जावं, क्रिकेटचं बोलावं, वाटेत महाकाळीची शेवउसळ खाऊन यावं, आणि देवाचा विषय त्याने काढला तरच काढावा. फुलांचा हिशोब तोपर्यंत दुसऱ्याकडे द्या, पण तात्पुरता म्हणून, आणि तसं त्याला सांगून.